बंद डब्यातली मासळी: ऑस्ट्रेलियातील जप्तीच्या कायद्याची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाच्या किराणा दुकानांत जी डबाबंद मासळी मिळे, तिच्यातली बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातली नव्हती. सॅमन कोलंबिया आणि फ्रेझर या नद्यांतून व अलास्काहून येई, सार्डिन फ्रान्स, पोर्तुगाल आणि नॉर्वेहून, तर हेरिंग ब्रिटनहून. खंडाला किनारा अफाट लाभला होता, पण वस्ती विरळ, ऊन कडक, अंतरे शेकडो मैलांची आणि बर्फ दुर्मीळ. किनाऱ्यावर पकडलेला मासा आतल्या भागातल्या मेंढवाड्यांपर्यंत पोहोचण्याआधीच नासून जाई. १८९२-९३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी आणि कालगूर्ली येथे सोने सापडले. त्या रुक्ष मुलखात जमलेल्या खाणकामगारांचे पोट डब्यांवरच चाले. डबाबंद मांसाला ते ‘टिन्ड डॉग’ म्हणत. या माणसांपुढे ताज्या अन्नाचा पर्याय नव्हता, आणि पुढे जो कायदा उभा राहिला त्याची गरज सर्वांत जास्त त्यांनाच होती.

त्या काळचा डबा हाताने बनत असे. पत्र्याची कड वळवून तिला डाख लावायचा, मासळी भरायची, झाकण बसवून पुन्हा डाख लावायचा आणि डबा उकळत्या पाण्यात किंवा वाफेत शिजवायचा. डाखात सुईच्या टोकाएवढे भोक राहिले तरी बाहेरचे जंतू आत शिरत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सॅमनचा पहिला कारखाना १८६४ साली सॅक्रामेंटो नदीवर सुरू झाला आणि पहिल्याच हंगामात त्याचा जवळपास निम्मा माल सांधे नीट न बसल्यामुळे वाया गेला. कारागिरी पुढे सुधारली, तरी ऑस्ट्रेलियाला येणाऱ्या डब्यापुढे आणखी एक परीक्षा असे. उष्ण कटिबंध ओलांडणारा लांबचा प्रवास, जहाजाच्या पोटातला दमटपणा, गंज चढलेला पत्रा आणि नंतर गोदामात काढलेले महिने. पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यावर बरा असलेला डबा सिडनीच्या उन्हाळ्यात फुगू शके.

फुगलेला डबा म्हणजे आत वायू तयार झाला आहे, आणि बहुतेक वेळा याचा अर्थ आत जंतू वाढत आहेत. हे व्यापाऱ्यालाही कळे. म्हणून एक लबाडी रूढ झाली होती. फुगलेल्या डब्याला भोक पाडून वायू सोडायचा, डबा पुन्हा तापवायचा आणि भोकावर डाखाचा ठिपका द्यायचा. झाकणावर असे दोन ठिपके दिसले की निरीक्षकांना संशय येई. पण वायू काढण्यासाठी काही कारखाने मुळातच दुसरे भोक पाडत असत, त्यामुळे दोन ठिपके हा पुरावा ठरत नसे. डबा उघडल्याशिवाय खात्री नाही, आणि उघडला की तो विकता येत नाही, ही अडचण या विषयाला शेवटपर्यंत चिकटून राहिली.

नासलेल्या अन्नाची जप्ती ही कल्पना जुनी होती. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने आरोग्य अधिकाऱ्याला बाजारात जाऊन मांस, मासळी, फळे, भाजी तपासण्याचा अधिकार दिला. माल खाण्यास अयोग्य वाटला तर तो उचलून दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचा. दंडाधिकाऱ्याची खात्री पटली की तो माल नष्ट करण्याचा हुकूम देई आणि विक्रेत्याला शिक्षाही होऊ शके. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी आपले आरोग्य कायदे याच वळणावर घडवले. भेसळीविरुद्धचे त्यांचे कायदे तर आणखी जुने होते. न्यू साउथ वेल्सने पावातल्या भेसळीविरुद्ध १८३८ सालीच कायदा केला आणि व्हिक्टोरियाने १८६३ मध्ये अन्नपेयांतील भेसळीविरुद्ध. पण या सगळ्या कायद्यांचा भरवसा माणसाच्या डोळ्यांवर आणि नाकावर होता. फळीवर मांडलेला मासा डोळ्यांनी, कल्ल्यांनी आणि वासाने स्वतःच सगळे सांगतो. पत्र्याच्या डब्यातला मासा काही सांगत नाही.

शास्त्राची मदतही तेव्हा अपुरी होती. इटालियन रसायनतज्ज्ञ फ्रान्चेस्को सेल्मी यांनी १८७०च्या दशकात कुजणाऱ्या प्रेतांत सापडणाऱ्या द्रव्यांना ‘टोमेन’ हे नाव दिले. सडलेल्या अन्नातही हेच विष तयार होते, अशी समजूत पसरली. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी हा शब्द उचलून धरला, आणि डबाबंद सॅमन किंवा सार्डिन खाऊन आजारी पडलेल्या कुटुंबांच्या बातम्या ‘टोमेन विषबाधा’ या मथळ्याखाली कित्येक वर्षे छापून येत राहिल्या. खरी कारणे वेगळी होती. बेल्जियममधील एलझेल गावी डिसेंबर १८९५ मध्ये खारवलेले डुकराचे मांस खाऊन वादक मंडळी आजारी पडली, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून बॉट्युलिझमचा जंतू वेगळा केला. त्याच सुमारास बोस्टनजवळ सॅम्युअल प्रेस्कॉट आणि विल्यम अंडरवुड हे दोघे शिंपल्यांचे आणि शेवंडांचे डबे का खराब होतात याचा शोध घेत होते. काही जंतूंची बीजाणुके साध्या उकळीत मरत नाहीत आणि डबा किती तापमानाला किती वेळ ठेवायचा याचा हिशेब काटेकोर असायला हवा, हे त्यांनी दाखवून दिले. डब्यांच्या कारखान्यांचे शास्त्र इथून सुरू झाले. वर्तमानपत्रांतला टोमेन मात्र पुढेही बराच काळ टिकला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. सडलेले तेवढे विषारी आणि न सडलेले निर्धोक, हे सूत्र सामान्य माणसाच्या अनुभवाला पटणारे होते. ते दोन्ही बाजूंनी चुकीचे निघाले, हे पुढे दिसेलच.

कायद्याला खरी धार आली ती एका वेगळ्याच संकटानंतर. जानेवारी १९०० मध्ये सिडनीच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका गाडीवानाला गाठीचा ताप आला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या धान्यगोदामांतून जो प्लेग पसरला होता, तोच जहाजांबरोबर आता इथे येऊन ठेपला होता. त्या वर्षी ऑगस्टपर्यंत सिडनीत ३०३ जणांना लागण झाली आणि १०३ जण दगावले. आरोग्य मंडळाचे अध्यक्ष जॉन अ‍ॅशबर्टन थॉम्पसन यांनी उंदीर आणि पिसू यांच्याकडे बोट दाखवले आणि धक्क्यालगतची गोदामे, तळघरे, गल्ल्या साफ करण्याची मोहीम चालली. व्यापाऱ्याच्या कुलपाआड शिरण्याचा सरकारला अधिकार आहे की नाही, हा वाद त्या वर्षापर्यंत बराचसा पुस्तकी होता. प्लेगनंतर लोकांनी त्याचे उत्तर स्वीकारलेले होते. अन्नकायद्याच्या इतिहासात हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही, पण निरीक्षकाला गोदामाचे दार उघडून मिळाले ते बऱ्याच अंशी या साथीमुळेच.

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे संघराज्य झाले. राज्यघटनेने परदेशी व्यापार संघ सरकारकडे दिला, आरोग्य आणि अन्न मात्र राज्यांकडेच राहिले. परदेशी मासळीच्या डब्यावर त्यामुळे दोन सरकारांची नजर आली. बंदरात जकात अधिकारी आणि बंदराबाहेर राज्याचा अन्ननिरीक्षक. संघ सरकारने १९०५ साली मालाच्या वर्णनासंबंधीचा व्यापार कायदा केला. आयात अन्नावर खरे वर्णन हवे, खोटे वर्णन असेल तर माल सरकारजमा होऊ शकेल, असे त्यात ठरले. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने ‘शुद्ध अन्न कायदा’ केला. या विषयावरच्या अगदी आरंभीच्या सर्वंकष कायद्यांत त्याची गणना होते. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने अमेरिकेत खळबळ उडवली आणि तिथला संघीय अन्न व औषध कायदा ३० जून १९०६ रोजी झाला. व्हिक्टोरियाचा कायदा त्याआधीचा.

या कायद्याचे वेगळेपण एका समितीत होते. आरोग्य अधिकारी, विश्लेषक आणि व्यापाराची जाण असलेली माणसे तिच्यात बसत आणि कोणत्या पदार्थात काय असावे, काय असू नये, वेष्टनावर काय छापावे याची मानके ठरवत. आधीच्या कायद्यांत ‘हे भेसळयुक्त आहे’ असे प्रत्येक खटल्यात नव्याने सिद्ध करावे लागे. आता मोजपट्टी आधीच छापलेली असे. न्यू साउथ वेल्सने १९०८ मध्ये स्वतःचा शुद्ध अन्न कायदा केला, दक्षिण ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी. त्याच सुमारास संघ सरकारने नेमलेल्या शाही आयोगाचे (रॉयल कमिशन) आयुक्त, सिडनीचे पियानो कारखानदार ऑक्टेव्हियस बील यांनी गुप्त औषधे आणि अन्न यांवर भलामोठा अहवाल दिला. बाटलीत आणि डब्यात काय भरले आहे हे विकत घेणाऱ्याला कळलेच पाहिजे, असे वातावरण त्या दशकात तयार झाले होते. तुलनेसाठी सांगायचे तर मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा आणि भारताचा केंद्रीय कायदा १९५४ चा.

नव्या कायद्यांखाली डबाबंद मासळीची तपासणी कशी चाले? निरीक्षक गोदामात जाई आणि खोकी उघडून डबे हातात घेई. दोन्ही तळ आत दबलेले असतील तर डबा ठीक. बाहेर आलेला तळ बोटाने दाबल्यावर आत जाऊन पुन्हा उसळला तर संशय. हलवून पाहायचे, सांध्यावर गंज किंवा तेलाचा ओघळ आहे का पाहायचे, बोटाने वाजवून आवाज ऐकायचा. मग काही डबे फोडून वास आणि रंग बघायचा. माल स्पष्टच नासलेला असेल तर जप्त करून नाशासाठी पाठवायचा, शंका असेल तर नमुना विश्लेषकाकडे. इंग्रजी परंपरेप्रमाणे नमुन्याचे तीन भाग होत: एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाला, एक वाद झालाच तर मोहोरबंद ठेवायला. दुधाला किंवा पिठाला हा नियम चपखल बसे, कारण एका हंड्यातले दूध सगळीकडे सारखेच. मासळीच्या डब्याला तो नीट लागू पडत नसे. एका डब्याची मासळी तीन बरण्यांत वाटली की हवा लागते आणि आठवड्याने तपासताना ती डब्यातली राहिलेली नसते. शिवाय शेजारचा डबा पूर्ण वेगळा असू शकतो. हजार डब्यांच्या साठ्याबद्दल दहा डब्यांवरून काय म्हणायचे, हा प्रश्न तेव्हाच्या निरीक्षकाला अनुभवावर सोडवावा लागे. पुढे तो संख्याशास्त्राकडे गेला.

दुसरा प्रश्न न्यायाचा होता. डब्यात काय आहे हे दुकानदारालाही माहीत नसते, मग त्याला शिक्षा का? १९१० साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे हॉब्ज विरुद्ध विंचेस्टर नगरपालिका हा खटला आला. खाटकाचे मांस जप्त होऊन नष्ट झाले होते. ते खराब आहे हे त्याला माहीत नव्हते आणि माहीत होणे शक्यही नव्हते, म्हणून त्याने भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. अयोग्य अन्न विकायला ठेवणे हाच गुन्हा, विक्रेत्याच्या मनात काय होते हा मुद्दा नाही, असा निर्णय झाला. ऑस्ट्रेलियाची न्यायालये तेव्हा इंग्रजी निर्णयांना मोठा मान देत. निर्णय कठोर वाटतो, पण पर्याय विचारात घेतला तर त्यामागचे कारण दिसते. अज्ञान ही ढाल झाली असती तर आपल्या मालाकडे न पाहणारा व्यापारी सर्वांत सुरक्षित ठरला असता, आणि झळ खाणाऱ्याला लागली असती. सीलबंद माल घेणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला मात्र कायद्याने एक वाट ठेवली होती. पुरवठादाराने दिलेली लेखी हमी दाखवून तो जबाबदारी आयातदाराकडे सरकवू शके. डब्यांच्या बाबतीत हे रास्तच होते, कारण चूक बहुधा कारखान्यात किंवा जहाजात झालेली असे.

राज्याराज्यांची मानके एकमेकांशी जुळत नव्हती. राज्यघटनेच्या ९२ व्या कलमाने राज्यांमधला व्यापार खुला ठेवला होता, तरी एका राज्यात चालणारे लेबल दुसऱ्या राज्यात बेकायदा ठरे. १९१० आणि १९१३ साली राज्यांच्या परिषदा झाल्या, पण पूर्ण एकवाक्यता झाली नाही. राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संशोधन परिषद १९३७ पासून कामाला लागली आणि तिच्या शिफारशींमुळे राज्ये हळूहळू जवळ आली.

दरम्यान मासळी ऑस्ट्रेलियातच डब्यात भरण्याचा प्रयत्न सुरू झाला. स्टॅन्ली फाउलर यांनी १९३६ पासून विमानातून माशांचे थवे शोधले, सिडनीजवळ क्रोनुला येथे सरकारी मत्स्य प्रयोगशाळा उभी राहिली. महायुद्धाने आयात रोखली आणि युद्धानंतर डॉलरची टंचाई होती. न्यू साउथ वेल्समधील इडन आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन येथे टुनाचे, तर पश्चिमेला ऑल्बनी येथे ‘ऑस्ट्रेलियन सॅमन’चे डबे भरले जाऊ लागले. हा मासा खरा सॅमन नव्हे, जुन्या वसाहतकारांनी दिलेले ते नाव. या कारखान्यांमुळे निरीक्षकाच्या कामाची जागा बदलली. गोदामातला तयार डबा पाहण्याऐवजी वाफेच्या भांड्याचे तापमान, शिजवण्याची मिनिटे आणि सांध्यांची मापे पाहणे शक्य झाले. बंद डब्याचे कोडे सोडवण्याची ही सर्वांत भरवशाची रीत होती. परदेशी डब्याला ती वापरता येत नव्हती.

बंद डब्याचा धोका जगाला दोनदा दिसला. १९६३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईट येथे डबाबंद टुना खाऊन दोन स्त्रिया बॉट्युलिझमने मरण पावल्या. १९७८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे चार वृद्धांनी अलास्काच्या सॅमनचा एक डबा वाटून खाल्ला, त्यांतले दोघे दगावले. डबा व्यवस्थित शिजलेला होता. नंतर तो थंड होताना बारीकशा छिद्रातून जंतू आत गेले होते. फुगवटा, घाण वास असे इशारे देण्याइतपत तो डबा बिघडलेलाच नव्हता. न सडलेले निर्धोक, ही समजूत इथे कोसळली.

जप्तीचा निर्णय शेवटी कोणी घ्यायचा, याचे उत्तर १९८५ साली कॅनडाने दिले. तिथल्या निरीक्षकांनी सडू लागल्याचे ठरवून नाकारलेले टुनाचे सुमारे दहा लाख डबे मत्स्यव्यवहार मंत्री जॉन फ्रेझर यांनी विक्रीला मोकळे केले. सप्टेंबरमध्ये दूरचित्रवाणीवर हे उघड झाले आणि आठवड्याभरात मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या डब्यांमुळे कोणी आजारी पडले का, हा मुद्दा लोकांसाठी दुय्यम होता. निरीक्षकाचा शब्द राजकीय सोयीसाठी फिरवला गेला, याचा त्यांना संताप आला.

डबाबंद मासळीतला सर्वांत नेहमीचा धोका मात्र वेगळाच आहे आणि कोकणातल्या वाचकाला तो चटकन उमगेल. बांगडा, तारली, कुपा अशा तांबूस मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. पकडल्यावर मासा बर्फात न ठेवता उन्हात राहिला तर जंतू त्याचे हिस्टामिन बनवतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, जुलाब होतात. हे द्रव्य उष्णतेने जात नाही. कारखान्यात कितीही तास शिजवा, जंतू मरतील, हिस्टामिन राहील. अशा डब्याचा सांधा पक्का असतो, तळ दबलेले असतात, वासही बहुधा ठीक असतो. होडीवर झालेला निष्काळजीपणा निर्दोष पत्र्यात मोहोरबंद होऊन येतो. प्रयोगशाळेशिवाय तो सापडत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अन्नमानकांत मासळीतल्या हिस्टामिनची मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे: किलोमागे २०० मिलिग्रॅम.

१९९०च्या दशकात जुनी रचना बदलली. १९९१ मध्ये राष्ट्रीय अन्न प्राधिकरण आले आणि १९९२ मध्ये आयात अन्न नियंत्रण कायदा झाला. त्याखाली हिस्टामिनची शक्यता असलेली मासळी ‘जोखमीचे अन्न’ या वर्गात गेली. नव्या उत्पादकाचा प्रत्येक माल तपासला जातो. ओळीने पाच खेपा उत्तीर्ण झाल्या की तपासणी २५ टक्क्यांवर, आणखी वीस झाल्या की ५ टक्क्यांवर येते. एक खेप नापास झाली की पुन्हा शंभर टक्के. गोदामातल्या निरीक्षकाचा अनुभव इथे आकड्यांच्या नियमात उतरला.

१९९५ च्या सुरुवातीला दक्षिण ऑस्ट्रेलियात मेटवुर्स्ट नावाच्या कच्च्या सॉसेजमधून ई. कोलायची बाधा पसरली. वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि चार वर्षांची एक मुलगी दगावली. माल बाजारातून परत घेण्यात गेलेला वेळ आणि सूचनांतली संदिग्धता यांवर कडक टीका झाली. एका गोदामातली जप्ती आता पुरेशी नव्हती, कारण माल एव्हाना शेकडो घरांच्या फ्रिजमध्ये गेलेला असे. नोव्हेंबर २००० मध्ये संघ आणि राज्ये यांच्यात करार होऊन आदर्श अन्नकायदा ठरला. त्याने ‘असुरक्षित’ अन्न आणि ‘अयोग्य’ अन्न असा भेद केला. शरीराला अपाय करील ते असुरक्षित, आणि जे नासले, सडले, खराब झाले ते अपाय सिद्ध न होताही अयोग्य. टोमेनच्या काळात एकत्र गुंतलेले दोन प्रश्न कायद्याने अखेर वेगळे केले. न्यू साउथ वेल्समध्ये १९०८ चा कायदा १९८९ मध्येच बदलला होता, त्या जागी आता २००३ चा कायदा आहे. ज्याचा माल जप्त झाला त्याला दहा दिवसांच्या आत न्यायालयात जाऊन जप्ती रद्द करण्याची मागणी करता येते. हॉब्ज या खाटकाला अशी दाद मागायला माल शिल्लकच राहिला नव्हता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सिडनीतल्या एका कॅफेत थायलंडहून आलेल्या डबाबंद टुनामुळे चौघांना हिस्टामिनची बाधा झाली आणि तो माल परत मागवला गेला. त्याच महिन्यात आयात गोठवलेल्या बेरींतून हिपॅटायटिस अ पसरल्याची बातमी गाजत होती. आयात अन्नाच्या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि काही पदार्थांसाठी मूळ देशातल्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, म्हणजे इडन आणि ऑल्बनीच्या कारखान्यांत जे पाहता येत होते, ते परदेशातल्या कारखान्यातही पाहिले गेले आहे याची कागदोपत्री खात्री.

इडनचा कारखाना १९९९ साली बंद पडला, पोर्ट लिंकनचा २०१० साली. ऑस्ट्रेलियाच्या दुकानांतली डबाबंद मासळी आज पुन्हा बहुतेक परदेशी आहे, टुना मुख्यतः थायलंडचा. बंदरात नापास ठरलेल्या मालाच्या आयातदाराला तो परत पाठवावा लागतो किंवा देखरेखीखाली नष्ट करावा लागतो. अशा मालाची यादी सरकार दर महिन्याला प्रसिद्ध करते, आणि तिच्यात मासळीच्या नावापुढे हिस्टामिन हा शब्द अजूनही वारंवार आढळतो.